चीनचा झीगोंग पक्ष: कुठून आला, कसा चालतो आणि त्याच्याबद्दल वाचताना कुठे गफलत होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाखेरीज आणखी आठ पक्ष आहेत असे वाचायला मिळते. त्यांपैकी झीगोंग पक्ष तर अमेरिकेत स्थापन झाला म्हणतात. मग हा खरा पक्ष की नुसती पाटी? तो स्थापन कोणी केला, सभासद कोण होते, आज कोण होतात आणि त्याच्या नावाची बातमी दिसली तर ती कशी वाचायची?

आधी एक गोष्ट पक्की करू. आपल्याकडे पक्ष म्हटला की चिन्ह आले, उमेदवार आले, जाहीरनामा आला आणि सत्तेवर येण्याची निदान इच्छा तरी आली. झीगोंग पक्षाकडे यातले काहीच नाही. तो निवडणूक लढवत नाही, विरोधात बसत नाही. कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व मान्य असल्याचे त्याच्या घटनेतच लिहिले आहे. तरीही त्याला पगारी कर्मचारी आहेत, प्रांतोप्रांती कार्यालये आहेत, राजकीय सल्लागार परिषदेत (सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सभेत) ठरलेल्या जागा आहेत आणि त्याच्या एका अध्यक्षाने अकरा वर्षे केंद्रीय मंत्रालय सांभाळले आहे. हे सगळे समजून घ्यायचे तर त्याच्या नावाआधी वर्ष बघायची सवय लावावी लागते. १९२५ चा झीगोंग, १९४७ चा झीगोंग आणि १९७९ नंतरचा झीगोंग या तीन निरनिराळ्या संस्था आहेत. बहुतेक लेखांत त्यांची सरमिसळ होते आणि मग निष्कर्षही भलतेच निघतात.

सुरुवात होंगमेनपासून करावी लागते. छिंग राजवट उलथवून मिंग घराणे परत आणायचे, या शपथेवर उभी राहिलेली ही दक्षिण चीनमधली गुप्त संघटना. सोन्याच्या खाणी आणि रेल्वेच्या कामांसाठी दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांताची माणसे एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्निया आणि ब्रिटिश कोलंबियात गेली आणि ही संघटनाही त्यांच्याबरोबर गेली. तिकडे तिचे नाव पडले ची कुंग तोंग. (लिपीत पहिली दोन अक्षरे झीगोंगचीच. एक कॅन्टनी उच्चार, दुसरा उत्तरेकडचा. या उत्तरात परदेशातल्या जुन्या संघटनेला ची कुंग तोंग आणि पक्षाला झीगोंग म्हणतो, म्हणजे घोळ होणार नाही.) परमुलखात कामगाराला आजारपणात आधार, मेल्यावर अंत्यविधी, भांडणात निवाडा आणि गोऱ्यांच्या कोर्टात वकील, हे सगळे ती पुरवायची. सभासद बहुतांशी सी यिप भागातले, म्हणजे ताइशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग या चार तालुक्यांतले. मुंबईत माझगावच्या नवाब टँक रोडवर १९१९ सालचे छोटे चिनी देऊळ आहे, ‘सी यिप कून’. ते ह्याच चार तालुक्यांच्या लोकांचे. मुंबईच्या गोदीत आलेला खलाशी आणि सॅन फ्रान्सिस्कोत धोबीकाम करणारा माणूस बऱ्याचदा शेजारच्या गावांतले असायचे.

छिंग राजवटीविरुद्धच्या क्रांतीचे पुढारी सन यत-सेन यांना ह्या जाळ्याचे मोल लवकर कळले. जानेवारी १९०४ मध्ये होनोलुलूत ते रीतसर शपथ घेऊन होंगमेनमध्ये दाखल झाले. त्याच वसंतात सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तर इमिग्रेशनवाल्यांनी त्यांना अडकवून ठेवले. ची कुंग तोंगचे प्रमुख हुआंग सानद यांनी पाचशे डॉलरचा जामीन भरला, वकील दिला आणि त्यांना सोडवले. मग सन यांनी संघटनेसाठी नवी घटना लिहिली, ८० कलमांची. तिच्यात मिंग घराणे मागे पडले आणि प्रजासत्ताक व जमिनीचे समान हक्क पुढे आले. सर्व सभासदांची नव्याने नोंदणी करायची असेही ठरले. सन आणि हुआंग शहरोशहरी हिंडले, पण नोंदणी फसली. कारण सरळ होते: ची कुंग तोंगचा सभासद संकटात हात देणारी मंडळी म्हणून तिथे आला होता, क्रांती करायला नव्हे. शिवाय प्रत्येक शहरातली शाखा आपापल्या कारभारात मोकळी होती; सॅन फ्रान्सिस्कोचा शब्द बाकीच्यांवर बंधनकारक नव्हता.

पैसा मात्र आला. १९११ च्या एप्रिलमध्ये ग्वांगझूत जो उठाव झाला (तो फसला, त्यातले मृत पुढे हुआंगहुआगांगचे हुतात्मे म्हणून गाजले), त्याच्यासाठी कॅनडातल्या व्हिक्टोरिया आणि टोरांटोच्या शाखांनी आपल्या वास्तू गहाण टाकल्या. सभागृह गहाण टाकणे म्हणजे त्या लोकांच्या दृष्टीने घर गहाण टाकणेच होते. छिंग राजवट पडून प्रजासत्ताक आल्यावर त्यांनी साहजिकच मोबदला मागितला: आमची संघटना मायदेशात राजकीय पक्ष म्हणून उघडपणे नोंदवून घ्या. तसे झाले नाही. नव्या राज्यकर्त्यांना शपथा घालणाऱ्या गुप्त मंडळ्या नको होत्या. वर्गणी घेताना त्या चालल्या होत्या, एवढेच. झीगोंग पक्षाचा जन्म ह्या दुखावलेपणातून झाला आहे. अधिकृत इतिहासात तो देशभक्तीतून झाल्याचे लिहितात. तेही खोटे नाही, पण अपुरे आहे.

१० ऑक्टोबर १९२५, म्हणजे प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनी, सॅन फ्रान्सिस्कोत जगभरच्या होंगमेन शाखांच्या मेळाव्यात पक्ष स्थापन झाला. प्रमुख म्हणून निवडले चेन जिओंगमिंग यांना आणि उपप्रमुख म्हणून युन्नानचे लष्करी सत्ताधीश तांग जीयाओ यांना. चेन यांची निवड जरा थांबून बघण्यासारखी आहे. हे ग्वांगडोंगचे गव्हर्नर होते आणि प्रांतांना स्वायत्तता देऊन संघराज्य उभे करावे या मताचे होते. सन यांना सैन्याच्या बळावर उत्तरेवर चालून जायचे होते. १६ जून १९२२ च्या पहाटे चेन यांच्या फौजेने ग्वांगझूत सन यांच्या निवासस्थानावर तोफा डागल्या. सन आणि त्यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग जेमतेम निसटले. ज्या संघटनेने सन यांचा जामीन भरला, तिनेच ह्या तोफांनंतर तीन वर्षांनी त्यांच्या कट्टर वैऱ्याला आपला पुढारी केले. सन तोवर वारले होते, मार्च १९२५ मध्ये. आणि मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, चेन यांचा बालेकिल्ला हुइझोऊ क्वोमिन्तांगच्या (सन यांच्या राष्ट्रवादी पक्षाच्या) फौजांच्या हाती गेला. म्हणजे पक्षाला नेता मिळाला आणि नेत्याचा मुलूख गेला, हे एकाच आठवड्यात घडले.

त्यानंतरची वीस वर्षे पक्ष म्हणून फारसे काही घडत नाही. मुख्य कार्यालय हाँगकाँगला आले, १९३१ मध्ये तिथेच दुसरे अधिवेशन भरले, १९३३ मध्ये चेन हाँगकाँगलाच वारले. तांग तर १९२७ लाच गेले होते. जपानने मांचुरिया घेतल्यावर परदेशस्थ चिन्यांकडून वर्गण्या गोळा झाल्या, पण ते काम बव्हंशी शाखांनी आपापले केले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी हाँगकाँग घेतल्यावर केंद्रही थंडावले.

दुसरी संस्था सुरू होते मे १९४७ मध्ये, हाँगकाँगच्या तिसऱ्या अधिवेशनात. तेव्हा यादवी युद्ध चालू होते आणि क्वोमिन्तांगचे नेते व नानजिंगच्या सरकारचे प्रमुख चिआंग काई-शेक यांच्याविरुद्धचे झाडून सगळे हाँगकाँगला जमले होते. अधिवेशनाने नानजिंगच्या सरकारविरुद्ध भूमिका घेतली. अध्यक्ष झाले ली जिशेन, उपाध्यक्ष चेन छीयोऊ. ली हे क्वोमिन्तांगचे जुने सेनानी. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांनी क्वोमिन्तांगमधल्या असंतुष्टांची क्रांतिकारी समिती स्थापली आणि तिचेही अध्यक्ष झाले. त्यांचे लक्ष तिकडेच राहिले. झीगोंगचा गाडा चेन छीयोऊ यांनी ओढला. ३० एप्रिल १९४८ ला कम्युनिस्ट पक्षाने मे दिनाच्या घोषणा काढल्या आणि नवी राजकीय सल्लागार परिषद बोलावण्याचे आवाहन केले. ५ मे रोजी हाँगकाँगमधल्या पक्षांनी मिळून पाठिंब्याची तार पाठवली. तीत झीगोंगच्या वतीने चेन छीयोऊ यांची सही होती. आजचा पक्ष आपली राजकीय वंशावळ ह्याच तारेपासून मोजतो.

इथेच पहिला मोठा गोंधळ होतो. अमेरिकेतली ची कुंग तोंग या सगळ्यात सामील नव्हती. न्यूयॉर्कचे सितू मेइतांग, मूळचे काइपिंगचे आणि अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांतले बडे प्रस्थ, यांनी १९४५ मध्ये तिकडच्या शाखांचा वेगळा पक्ष बांधला. १९४६ मध्ये शांघायला येऊन त्याचे नाव होंगमेन मिनझी पक्ष केले. तिथल्या गटबाजीला आणि क्वोमिन्तांगच्या दडपणाला कंटाळून ते १९४७ मध्ये बाहेर पडले. सप्टेंबर १९४९ मध्ये बीपिंगला (आजच्या बीजिंगला) सल्लागार परिषदेत ते हजर होते खरे, पण परदेशस्थ चिन्यांचे प्रतिनिधी म्हणून, झीगोंगच्या सहा जागांतून नव्हे. नव्या देशाच्या नावापुढे ‘चीनचे प्रजासत्ताक’ हे संक्षिप्त नाव कंसात ठेवावे की नाही यावर २६ सप्टेंबरला जी चर्चा झाली, तीत एक्क्याऐंशी वर्षांच्या सितूंनी ते नाव साफ नको म्हटले आणि ते वगळले गेले. पुष्कळ ठिकाणी त्यांना झीगोंग पक्षाचे संस्थापक म्हणून टाकलेले दिसते. त्यांनी जो पक्ष बांधला तो दुसराच.

१९४९ मध्ये असे अकरा पक्ष होते. वर्ष संपेपर्यंत आठ उरले. दोन क्रांतिकारी समितीत विलीन झाले, एकाने काम संपल्याचे सांगून स्वतःला विसर्जित केले. झीगोंग टिकला. १९५० चे चौथे अधिवेशन ग्वांगझूत भरले आणि चेन छीयोऊ अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये मुख्य कार्यालय बीजिंगला हलले. पाचवे अधिवेशन १९५२, सहावे १९५६. सातवे थेट १९७९. मधली तेवीस वर्षे काय झाले ते ह्या आकड्यांतच दिसते. १९५७ च्या उजव्यांविरोधी मोहिमेचा (कम्युनिस्ट पक्षाच्या टीकाकारांविरुद्धच्या) मोठा तडाखा आठांपैकीच लोकशाही लीग आणि शेतकरी-कामगार लोकशाही पक्षाच्या पुढाऱ्यांना बसला. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांच्या टोळ्यांनी, म्हणजे रेड गार्ड्‌सनी, आठही पक्षांना बहात्तर तासांत बरखास्त व्हा म्हणून बजावले आणि कार्यालयांना कुलपे लागली. चेन छीयोऊ १९७० मध्ये वारले. पुढची नऊ वर्षे अध्यक्षच नव्हता.

आता तिसरी, म्हणजे आजची संस्था. हिच्यावर जरा जास्त वेळ घालवू, कारण बातम्या हिच्याच येतात.

१९७९ नंतर चार-पाच वर्षांनी अधिवेशन होते: १९८३, १९८८, १९९२, १९९७ आणि मग दर पाच वर्षांनी हिवाळ्यात. १९९२ पासून ते कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनाच्याच वर्षी आणि त्याच्यानंतर होते, कारण तिथली वाक्ये इथल्या घटनेत आणावी लागतात. सोळावे डिसेंबर २०२२ मध्ये झाले. अधिवेशन केंद्रीय समिती निवडते. समिती स्थायी समिती, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडते. खाली प्रांत, शहर आणि तळाला शाखा. ही शाखा वॉर्डात किंवा गावात असते असे समजू नका. ती विद्यापीठात, इस्पितळात, संशोधन संस्थेत किंवा सरकारी खात्यांत असते.

अध्यक्षांची यादी बघितली तर पक्षाचा आधार कसा सरकला ते कळते. हुआंग डिंगचेन (१९७९–८८) डॉक्टर, जुन्या पिढीचे. डोंग यिंचू (१९८८–९७) इंडोनेशियात पत्रकारी करून परतलेले. लुओ हाओत्साई (१९९७–२००७) सिंगापूरला जन्मलेले, १९५२ मध्ये चीनला आलेले, पेकिंग विद्यापीठात प्रशासकीय कायद्याचे प्राध्यापक आणि सर्वोच्च न्यायालयाचे उपाध्यक्ष. इथवर ‘परतलेले परदेशस्थ चिनी’ हे वर्णन शब्दशः लागू होते. मग वान गांग (२००७–२०२२): जन्म शांघायचा, जर्मनीत क्लाउस्टालला डॉक्टरेट, ऑडी कंपनीत इंजिनिअर, परतून टोंगजी विद्यापीठाचे कुलगुरू आणि चीनच्या विजेवरच्या गाड्यांच्या कार्यक्रमाचे मुख्य शास्त्रज्ञ. हा परदेशी शिकून आलेला माणूस आहे, परदेशस्थ कुटुंबातला नव्हे. सध्याचे जिआंग झुओजून हे आरोग्य खात्याचे माजी उपमंत्री.

असे का झाले? १९९० च्या कायद्यात ‘परतलेला परदेशस्थ’ आणि त्याचे कुटुंबीय यांची व्याख्या आहे: बाहेर कायम स्थायिक असलेला चिनी नागरिक जो कायमचा राहायला परत आला, तो. पन्नास-साठच्या दशकांत इंडोनेशिया आणि मलायातून आलेली ही पिढी म्हातारी झाली आणि नवी येईना. पक्षाने मग ‘परदेशाशी संबंध असलेले प्रातिनिधिक लोक’ अशी दारे रुंद केली आणि परदेशी पदवी घेऊन आलेले प्राध्यापक आणि डॉक्टर आत आले. पण हेच प्राध्यापक लोकशाही लीगलाही हवे असतात आणि शास्त्रज्ञांच्या जिउसान सोसायटीलाही. एका विद्यापीठात तीन-तीन पक्ष त्याच माणसामागे लागतात, हे नेहमीचे दुखणे आहे.

म्हणून भरतीची वाटणी ठरवून दिलेली आहे. प्रत्येक पक्षाचे क्षेत्र ठरलेले: उद्योजक राष्ट्रीय बांधणी संघाकडे, शाळा आणि प्रकाशन लोकशाही संवर्धन संघाकडे, वैद्यक शेतकरी-कामगार पक्षाकडे (नावावर जाऊ नका), तैवानी कुळाचे लोक तैवान लीगकडे, परदेशसंबंध झीगोंगकडे. १९९६ मध्ये आठ पक्षांशी झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तात हे नियम एकत्र आले: भर मोठ्या आणि मध्यम शहरांवर, प्रातिनिधिक लोकांवर आणि वरच्या व मधल्या थरावर. म्हणजे सभासद वाढवणे हे उद्दिष्टच नाही. निवडक माणसे घेणे हे आहे. लष्करात शाखा काढता येत नाहीत.

प्रवेशाची पद्धत साधारण अशी. इच्छुक अर्ज करतो, दोन सभासद त्याची शिफारस करतात. शाखा काही काळ त्याला कार्यक्रमांना बोलावून पारखते आणि मग चर्चा करून वर पाठवते. वरचे कार्यालय तो जिथे नोकरी करतो तिथल्या कम्युनिस्ट पक्ष समितीचे मत मागवते, आणि वजनदार माणूस असेल तर कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाशीही (बिगरकम्युनिस्टांशी संबंध पाहणाऱ्या) बोलते. मग मंजुरी. अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे परदेशसंबंध कागदावर दाखवता न येणे: चुलत काका व्हँकुव्हरला आहे एवढे पुरत नाही. दुसरे म्हणजे त्याच्या संस्थेची पक्ष समिती त्याला स्वतःच्या पक्षात घेण्याच्या विचारात असणे. हुशार तरुण आधी तिकडे जातात. चाळिशीत, पद वाढल्यावर, बिगरकम्युनिस्ट राहिलेल्यांना मग आठ पक्षांची आमंत्रणे येतात. त्यांतले काही सल्लागार परिषदेच्या जागेवर डोळा ठेवून येतात, हे पक्षाच्या कार्यालयांनाही ठाऊक असते.

आकडे. २०२१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेप्रमाणे झीगोंगचे सभासद ६३,००० हून थोडे जास्त. लोकशाही लीगचे ३ लाख ३० हजार, तैवान लीगचे ३,३००. त्याच काळातल्या तेराव्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत लीगला ६५, झीगोंगला ३०, तैवान लीगला २० जागा होत्या. भागाकार केला तर लीगच्या सुमारे ५,१०० सभासदांमागे एक जागा, झीगोंगच्या २,१०० मागे एक आणि तैवान लीगच्या १६५ मागे एक. जागा सभासदसंख्येवर मिळत नाहीत, हे यातून लख्ख दिसते. त्या जागा त्या त्या समाजघटकाचे राजकीय महत्त्व किती यावर वाटल्या आहेत. ‘पक्ष छोटा म्हणून बिनमहत्त्वाचा’ हा हिशेब इथे चालत नाही.

पैसा सरकारी तिजोरीतून येतो आणि २००६ पासून लागू झालेल्या नागरी सेवा कायद्याखाली कार्यालयांतले कर्मचारी सरकारी नोकर गणले जातात. सभासद वर्गणी देतात, पण तिच्यावर गाडा चालत नाही. कोणी ‘पक्षाला निधी कोण देतो?’ असे विचारले तर उत्तर एवढेच.

मग हे लोक करतात काय? मुख्य काम अहवाल लिहिण्याचे. वर्षाला एक मोठा विषय घेऊन पाहणी करायची आणि अहवाल थेट कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्राला पाठवायचा. मार्चमध्ये सल्लागार परिषदेत पक्षाच्या नावाने प्रस्ताव मांडायचे. आणि वर्षभर छोटी टिपणे पाठवत राहायची. सल्लामसलतीच्या बैठकांत अध्यक्ष बोलतात, पण त्या वर्षी कोणकोणत्या विषयांवर सल्लामसलत होणार याची यादी कम्युनिस्ट पक्ष ठरवतो. प्रस्तावाचे नशीब तो कोणत्या मंत्रालयाकडे जातो त्यावर. जे धोरण मंत्रालयाला तसेही हवे असते, त्याला अशा प्रस्तावाचा खरा उपयोग होतो. १९९८ मध्ये राष्ट्रीय बांधणी संघाने साहस भांडवलावर (नव्या उद्योगांतल्या जोखमीच्या गुंतवणुकीवर) मांडलेला प्रस्ताव ‘पहिला क्रमांक’ म्हणून गाजला तो असाच. जे कुणालाच नको असते, त्यावर नम्र उत्तर येते आणि फाइल बंद होते. दुसरे काम नेमून दिलेल्या जिल्ह्यांचे. दारिद्र्य निर्मूलनावर लोकशाही पक्षांनी देखरेख करायची असे २०१६ मध्ये ठरले तेव्हा आठ पक्षांना आठ प्रांत वाटून दिले; झीगोंगच्या वाट्याला सिचुआन आला. शिवाय चोंगछिंगमधला योयांग तालुका मदतीसाठी दिलेला आहे. तिसरे काम परदेशातल्या जुन्या होंगमेन मंडळींशी संबंध राखण्याचे. शिष्टमंडळे जातात, येतात, मेजवान्या होतात.

ह्या तिसऱ्या कामात झीगोंग एकटा नाही, आणि इथे संस्थांची नावे नीट लावून घ्यावीत. परतलेल्या परदेशस्थांचा राष्ट्रीय महासंघ (१९५६ पासून) ही वेगळी जनसंघटना. राष्ट्रीय लोकसभागृहाची, म्हणजे चीनच्या संसदेची, परदेशस्थ चिनी समिती वेगळी. सल्लागार परिषदेची हाँगकाँग-मकाव-तैवान-परदेशस्थ समिती वेगळी. राज्य परिषदेचे परदेशस्थ व्यवहार कार्यालय २०१८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागात विलीन झाले. धोरण आता तिथे ठरते. परदेशस्थांविषयीच्या एखाद्या निर्णयाची बातमी झीगोंगच्या नावाने आली, तर त्याचा मूळ कागद त्या विभागात शोधावा.

वान गांग यांचे उदाहरण मंत्रिपदाच्या बाबतीत शिकण्यासारखे आहे. एप्रिल २००७ मध्ये ते विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री झाले; बिगरकम्युनिस्ट माणूस मंत्री होण्याची सत्तरच्या दशकानंतरची ही पहिलीच वेळ. जगभर कौतुक झाले. पण चिनी मंत्रालयात निर्णय घेते ती तिथली कम्युनिस्ट पक्षगटाची समिती, आणि तिचा सचिव दुसरा होता: आधी ली शुएयोंग, २०१२ पासून वांग झिगांग. मंत्री असूनही वान त्या गटात नव्हते. मार्च २०१८ मध्ये ते पायउतार झाले आणि वांग झिगांग मंत्री झाले. सचिव ते होतेच. म्हणून वान यांचे वजन शून्य होते असे नाही. विजेवरच्या गाड्यांबाबत त्यांचा शब्द चालत होता, पण तो त्या क्षेत्रातला तज्ज्ञ म्हणून. पक्षाध्यक्ष म्हणून नव्हे.

परदेशातल्या संघटनांबाबत शेवटचा खुलासा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. झीगोंग पक्षाच्या परदेशात शाखा नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पोफर्ड गल्लीतली ची कुंग तोंग, कॅनडातले ‘चायनीज फ्रीमेसन्स’ (ज्यांचे ‘चायनीज टाइम्स’ हे दैनिक व्हँकुव्हरला १९९२ पर्यंत निघत होते) आणि होंगमेन मिनझी पक्षाचे वारस, या सगळ्या स्वतंत्र संस्था आहेत. फ्रीमेसन्स हे नाव गोऱ्या समाजात खपावे म्हणून घेतलेले. युरोपातल्या फ्रीमेसनरीशी त्याचा संबंध नाही. हाँगकाँगमध्ये होंगमेनच्या परंपरेतल्या काही गुन्हेगारी टोळ्या ट्रायड म्हणून बेकायदा आहेत. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने ज्या ‘जागतिक होंगमेन’ नावाच्या संस्थेवर निर्बंध लावले, तीही झीगोंग पक्ष नव्हे. मजकुरात नुसते ‘होंगमेन’ किंवा ‘झीगोंग’ दिसले, तर शहर, वर्ष आणि लेटरहेडवरचे पूर्ण नाव हे तिन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक बारकावा, रोज बातम्या वाचणाऱ्यांसाठी. आठ पक्षांची नावे अधिकृत बातमीत नेहमी एकाच क्रमाने येतात: क्रांतिकारी समिती, लोकशाही लीग, राष्ट्रीय बांधणी, लोकशाही संवर्धन, शेतकरी-कामगार, झीगोंग, जिउसान, तैवान लीग. झीगोंग सहावा. तो सहावा आला म्हणून त्याचे वजन घटले असा अर्थ काढणारी विश्लेषणे छापून येतात. क्रम ठरलेला आहे, त्यात संदेश नसतो. संदेश असलाच तर तो त्या वर्षी पक्षाला कोणता पाहणी-विषय मिळाला यात असतो.

पुढचे अधिवेशन ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे २०२७ च्या अखेरीस येईल. तेव्हा ठरावांची भाषा वाचण्यात वेळ घालवू नका. ती कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनातून आलेली असेल. नवी केंद्रीय समिती उघडा आणि त्यात परतलेल्या कुटुंबांतले किती, परदेशी पदवी घेऊन आलेले किती आणि यांपैकी काहीच नसलेले किती, ते नावागणिक मोजा.